खिंकाळीतले दोन सूर

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू साउथ वेल्समधल्या एका खेडेगावात तीन महिने होते. भारतमाता सिनेमापासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत चालत जावं, तेवढ्यात तिथलं गाव संपायचं. सप्टेंबर उजाडला. इकडे लालबागेत गणपती बसले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच घरच्या आरतीला मी नव्हते. हे एकटे. मोदक शेजारणीने करून दिले म्हणे. फोटोत कळ्या बऱ्या दिसत होत्या, म्हणून जास्तच चुटपुट लागली.

त्या शनिवारी जावई म्हणाले, "आई, चला, गावात शो आहे. घोडे बघून येऊ."

तीस वर्षं मी दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. पण घोडा जवळून पाहिला तो व्हिक्टोरिया गाडीचा, नाहीतर वरातीचा. दोघेही बिचारे मान खाली घातलेले. इथे रिंगणात क्लाइड्सडेल जातीचे घोडे आले तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. जेवायच्या ताटाएवढा खूर, आणि त्यावर झालरीसारखे लोंबणारे पांढरे केस. हॅट घातलेले एक आजोबा परीक्षक होते. त्यांनी तोंडाकडे ओझरतं पाहिलं आणि सरळ खाली वाकून पायावरून हात फिरवायला लागले. जावयांना म्हटलं, आपल्याकडे हे वेगळं असतं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथे जाणकार आधी अंगावरचे भोवरे शोधतात. गळ्यावरच्या शुभ भोवऱ्याला देवमण म्हणतात, आणि भोवरा अशुभ निघाला तर पाय कितीही चांगले असोत, गिऱ्हाईक पुढे सरकतं. भोवऱ्यांचं मला माहीत नाही, पण त्या आजोबांचं मला पटलं. कारण घोड्याचा पाय ही चीजच अजब आहे.

आपला पंजा टेबलावर मधल्या बोटाच्या टोकावर उभा करून पाहा, बाकीची बोटं वर उचला. हा झाला घोड्याचा पुढचा पाय. खूर म्हणजे त्या एका बोटाचं नख, आणि ज्याला आपण घोड्याचा गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट. एवढं धूड आयुष्यभर चार नखांवर उभं असतं! मनगटाखाली पायात स्नायू जवळजवळ नाहीतच, नुसती हाडं आणि कंडरा. मग तिथलं रक्त वर चढवायचं कुणी? खुराच्या तळाशी रबरासारखी एक गादी असते. पाऊल टेकलं की ती दबते, खूर किंचित फाकतो आणि रक्त वर ढकललं जातं. चालणारा घोडा पावलागणिक स्वतःच पंप मारत असतो.

हे सगळं जावयांना सांगत होते (त्यांचं लक्ष केकच्या तंबूकडे होतं), तेवढ्यात मागून खिंकाळी आली.

दोन तपकिरी घोड्या एकाच ट्रेलरमधून आल्या होत्या. एकीला रिंगणात नेलं, दुसरी ट्रेलरपाशी बांधलेली. ती मान वर करून, कान रोखून अशी खिंकाळली की तिच्या पोटापर्यंतची थरथर दिसली. रिंगणातून उत्तर आलं. मग पुन्हा हिची हाक. परीक्षा संपेपर्यंत हे चाललं होतं.

खिंकाळी ही मुख्यतः ताटातुटीची हाक. कळप पांगला की घोडा ती मारतो. झुरिचमधल्या संशोधकांनी घोड्यांना सोबत्यांपासून वेगळं करून आणि पुन्हा भेटवून त्यांचे आवाज नोंदवले. २०१५ साली त्यांनी दाखवलं की खिंकाळीत एकाच वेळी दोन मूळ सूर असतात. एकातून भावना किती तीव्र आहे ते कळतं, दुसऱ्यातून ती सुखाची की दुःखाची ते. आपण गळ्यातून एका वेळी एकच मूळ सूर काढतो, म्हणून फोनवर "मजेत आहे" म्हटलं तर समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागतं. आणि हाक कुणाची हेही घोडा ओळखतो. २००९ साली इंग्लंडमध्ये झालेला प्रयोग मला फार आवडतो. सोबत्याला समोरून नेऊन आडोशाला दडवायचं आणि तिथून दुसऱ्याच घोड्याची ध्वनिमुद्रित हाक ऐकवायची. ऐकणारा घोडा झटकन वळायचा आणि बराच वेळ टक लावून बघायचा. गेला एक आणि बोलतोय दुसराच, हे कसं?

याच मुलखातले घोडे कधीकाळी जहाजांत भरून आपल्याकडे येत. न्यू साउथ वेल्सचे म्हणून त्यांचं नावच 'वेलर'. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेसाठी ते मद्रास, कलकत्ता आणि आपल्या मुंबईच्या बंदरांत उतरत. तेव्हाच्या मुंबईला घोड्यांची भूकच दांडगी. ९ मे १८७४ ला ट्राम सुरू झाली ती घोड्यांची, आणि कंपनीच्या तबेल्यात म्हणे ९०० घोडे होते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी घासतं, म्हणून माणसांनी भरलेला डबा एक-दोन घोडे ओढू शकत. १९०७ ला विजेची ट्राम आली आणि त्या घोड्यांची चंदी थांबली. युद्धावर धाडलेल्यांचं तर विचारूच नका. ऑस्ट्रेलियातून पहिल्या महायुद्धासाठी समुद्रापार गेलेल्या घोड्यांचा आकडा १,३०,००० च्या वर. त्यांतला मायदेशी परत आला फक्त एक, सँडी. गॅलिपोलीत जखमी होऊन मेलेल्या जनरल ब्रिजेसचा तो घोडा. बाकीचे कुठल्या कुठल्या तबेल्यांत कुणाला हाका मारत राहिले असतील, कोण जाणे.

ट्रेलरपाशी आता दोघी एकत्र होत्या. एकीच्या गळ्यात निळा पट्टा, पहिल्या नंबरचा. दुसरी तिच्या मानेवर हनुवटी टेकून निवांत उभी.

साडेअकरा झाले होते, म्हणजे घरी सकाळचे सात. यांना फोन लावला.

"काय गं, मागे घोडा का खिंकाळतोय?"

"शोला आलेय. तुमचं काय चाललंय?"

"पाणी आलंय. भरतोय. बाप्पाला फुलं आणायचीत अजून."

एवढं बोलून हे गप्प. फोन मात्र ठेवला नाही. पिंपात नळाची धार पडत होती. पाणी वर चढतं तशी वरची हवेची पोकळी आखूड होते आणि आवाजाची पट्टी चढत जाते. सातवीला दरवर्षी शिकवलंय मी. ऐकत राहिले. पट्टी चढली, आणखी चढली.

"अहो, पिंप भरलं. नळ बंद करा," मी १०,००० किलोमीटरवरून म्हटलं.