रिपोर्ट नॉर्मल, माणूस आजारी

जाड फाईलवाला पेशंट आत आला की डॉक्टरचा चेहरा पडतो, हे मी स्वतः डॉक्टर असून सांगते. सोलापुरात माझी साधी जनरल प्रॅक्टिस आहे. सर्दी-ताप, बीपी, शुगर, पोरांचे डोस यांतच दिवस सरतो. पण मधूनच कुणीतरी येतं आणि टेबलावर ती फाईल ठेवतं. आत सीबीसी, थायरॉइड, बी-१२, सोनोग्राफी, कमरेचा एमआरआय. सगळं नॉर्मल. आणि समोरची बाई म्हणते, ‘‘मॅडम, अंग असं ठणकतं की रात्री कूस बदलता येत नाही. घरचे म्हणतात, तुला काही झालेलं नाही.’’

अशांना आम्ही काय देतो? वेदनेची गोळी, झोपेची अर्धी गोळी आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. तो ऐकून कुणाचं टेन्शन कमी झाल्याचं मला आठवत नाही. मग ही माणसं वैद्य, होमिओपॅथी, नवस असं सगळं करत फिरतात आणि अलीकडे बरीचशी चिनी सुयांपर्यंत पोचतात.

माझी धाकटी बहीण त्यांतलीच. पुण्यात बँकेत आहे. खांदे, मान, मांड्या सतत दुखायच्या, झोप मोडायची, पोट बिघडायचं. बऱ्याच फेऱ्यांनंतर एका संधिवाततज्ज्ञानं ‘फायब्रोमायाल्जिया’ असं नाव दिलं. हा रोग रक्ताच्या कुठल्याही तपासणीत दिसत नाही. लक्षणं ऐकून आणि बाकीचे आजार वगळूनच तो ओळखावा लागतो. नाव मिळालं, दुखणं राहिलं. ती अ‍ॅक्युपंक्चरला जायला लागली तेव्हा मीही एकदा सोबत गेले, थोडी काळजीनं आणि बरीचशी कुतूहलानं.

तिथल्या बाईंनी आधी सुई काढलीच नाही. ‘‘ताई, तहान लागते तेव्हा गार पाणी हवंसं वाटतं की कोमट? घाम दिवसा येतो की झोपेत? दुखणं पावसाळी हवेत वाढतं का? जेवल्यावर जड वाटतं?’’ मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. आपल्याकडच्या नाडीपरीक्षेसारखंच दिसतं, पण त्यांचा हिशेब वेगळा. प्रत्येक बोटाखालची जागा वेगळ्या अवयवाची, आणि हलकं दाबलं तर एक, खोल दाबलं तर दुसरं. मग जीभ. कडेला दातांचे ठसे, वर पांढरा थर. निदान झालं : ‘‘प्लीहेची ‘ची’ कमी पडलीय आणि शरीरात ओल साठलीय.’’

माझ्या बहिणीची प्लीहा सोनोग्राफीत ठणठणीत आहे. पण चिनी वैद्यकातली प्लीहा म्हणजे पोटात डाव्या बाजूला असते ती नव्हे. खाल्लेल्या अन्नाचं शक्तीत रूपांतर करणाऱ्या साऱ्या कामाला ते प्लीहा म्हणतात, आणि ‘ची’ म्हणजे शरीरात फिरणारी प्राणशक्ती. ही शक्ती किंवा ती वाहून नेणारे मार्ग आजवर कुठल्याही शवविच्छेदनात सापडलेले नाहीत. पण ही पद्धत रोगाला नाव देण्याच्या भानगडीत पडत नाही. सगळ्या तक्रारी एकत्र बांधून त्यांचा एक नमुना ठरवते. मी पोट एका डॉक्टरकडे पाठवते, मान दुसऱ्याकडे, झोप तिसऱ्याकडे. इथे तिन्ही एकाच वाक्यात आली. बहीण परतताना म्हणाली, ‘‘कुणीतरी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं गं.’’

सुई जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. प्लास्टिकच्या बारीक नळीतून त्वचेवर टेकवतात, वर टिचकी मारतात, ती आत जाते. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर एक, त्या जागेला ‘त्सूसानली’ म्हणतात. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला ‘नेइग्वान’. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या एका बिंदूचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी चांगले पुरावे आहेत. सुई हलकीच फिरवल्यावर बहीण म्हणाली, ‘‘टोचत नाही, जड होतंय.’’ थेरपिस्टबाईंना नेमकं हेच ऐकायचं होतं. मग दिवा मंद झाला आणि बहीण घोरायला लागली.

सोलापुरात हा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘‘हे आपल्या कोटणिसांनी आणलं.’’ तसं नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात आमचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते, आणि कोलकात्याचे बिजयकुमार बसूही. कोटणीस शल्यचिकित्सक, ते जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सुया शिकले ते बसू. त्यांनी कोलकात्यात काम सुरू केलं.

‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ ही जाहिरातही जपूनच वाचावी. १८२२ मध्ये चिनी सम्राटानंच राजवैद्यकीय संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर हद्दपार केलं होतं. १९२९ मध्ये तिथल्या सरकारपुढे सगळं देशी वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव होता. वैद्य रस्त्यावर उतरले म्हणून तो बारगळला. आज आपण जे बघतो त्याची घडी बसली माओच्या काळात. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि छंगदू इथे कॉलेजं निघाली, पाठ्यपुस्तकं तयार झाली. पाश्चात्त्यांना वेड लागलं ते १९७१ नंतर. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊनच झाली; नंतर पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा सुया टोचल्या. त्यांनी तसंच लिहिलं होतं, लोकांनी मात्र ‘सुयांवर ऑपरेशन’ असं वाचलं.

मग याचा उपयोग होतो का? जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला खरं अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी बरं वाटलेले अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के. अ‍ॅक्युपंक्चरवाले यातला पहिला आणि तिसरा आकडा सांगतात; टीकाकार पहिला आणि दुसरा. मला तिन्ही एकत्र बघावेसे वाटतात. सुया नेमक्या कुठे टोचल्या याला फारसं महत्त्व नव्हतं, पण औषधं-व्यायामवाल्यांपेक्षा सुया घेतलेली माणसं बरी होती.

याहून बोलका प्रयोग अमेरिकेतला, २००८ चा. टेड कॅपचुक हे स्वतः मकाऊमध्ये चिनी वैद्यक शिकलेले, आणि त्यांनीच त्याची चिकित्सा केली. पोटाच्या ‘आयबीएस’चे २६२ रुग्ण घेतले. हाही रिपोर्ट नॉर्मल येणाराच आजार. एक गट नुसता थांबवून ठेवला. बाकी दोन गटांना खोट्या सुया, म्हणजे टोचल्यासारखी वाटते पण आत जातच नाही अशी सुई. फरक एवढाच की एका गटाशी कामापुरतं बोलायचं, आणि दुसऱ्याशी जिव्हाळ्यानं, वेळ देऊन. तीन आठवड्यांनी समाधानकारक आराम पडलेले : थांबलेल्यांत २८ टक्के, कामापुरत्या बोलण्यात ४४, जिव्हाळ्याच्या गटात ६२. एकही खरी सुई न टोचता! आम्ही डॉक्टरांनी हा तक्ता ओपीडीत भिंतीवर लावावा.

नेमक्या ‘कारण न सापडणाऱ्या’ तक्रारींवर लंडनमध्ये ८० रुग्णांचा अभ्यास झाला, २०११ मध्ये तो छापून आला. अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांना थोडं बरं वाटलं, पण त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेचीही गंमत आहे. २००९ मध्ये त्यांनी कंबरदुखीला सुया सुचवल्या, २०१६ मध्ये ती शिफारस मागे घेतली, आणि २०२१ मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा सुयांचा विचार करायला सांगितलं, तेही एकूण पाच तासांच्या उपचाराच्या मर्यादेत. पुरावा असा डळमळीत असतो तेव्हा ‘रामबाण’ म्हणणारा आणि ‘थोतांड’ म्हणणारा, दोघेही मला सारखेच घाईचे वाटतात.

माझ्या मते सुईचा वाटा लहान, ऐकून घेण्याचा मोठा. पण दोन्ही मिळून बहिणीला झोप लागते, ती संध्याकाळी चालायला जाते. दुखणं गेलेलं नाही.

काढ्यांची आणि पुड्यांची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथे मी अजिबात उदार नाही. चिनी वनस्पतींत दम नक्की आहे. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिथल्याच एका झुडपातून आलं आणि तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण त्यांनी तो अर्क वेगळा काढला, तपासला, मात्रा ठरवली. उलट टोकाला ब्रुसेल्स. तिथल्या वजन घटवण्याच्या केंद्रात १९९० च्या सुमारास एका चिनी मुळीच्या जागी मिळत्याजुळत्या नावाची ॲरिस्टोलोकिया जातीची मुळी गेली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. आपल्याकडच्या बिनलेबलच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत गुडघे पळायला लागतात, काही महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल होतो. असे चेहरे माझ्या दवाखान्यात येतात.

आणि ‘निदान होत नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘अजून झालेलं नाही’ एवढाच असतो. सकाळी आखडणारी आणि हालचालीनं मोकळी होणारी तरुण मुलाची कंबर कदाचित अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असेल. त्यात पहिली काही वर्षं एक्स-रे साफ येतो. मणक्याच्या टीबीचं दुखणंही सुयांनी चार दिवस दबू शकतं. म्हणून आधी तपासणी, मग सुई. आणि सुया चालू असताना वजन घटलं, संध्याकाळी ताप यायला लागला, शौचातून रक्त गेलं, पायातली ताकद कमी झाली, तर सुया थांबवून पुन्हा डॉक्टर गाठा.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे; केंद्रानं २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा सुया घ्यायला आडवं होण्याआधी नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि वापरलेली सुई डब्यात गेली पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, तर आधी सांगा. छातीवर किंवा खांद्याच्या वरच्या बाजूला खोल सुई नको; फुप्फुसाला भोक पडल्याची उदाहरणं आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या तर उठून या. आणि सुया घेताय हे तुमच्या फॅमिली डॉक्टरला सांगा. तो हसला किंवा चिडला तर खुशाल डॉक्टर बदला, पण लपवू नका.