छोट्या पडद्याची मोठी गोष्ट (भाग ६) : बुधवारचं नाटक

मागच्या भागात ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका पाहिली. तीच गल्ली, तीच माणसं, वर्षानुवर्षं. आजचा प्रकार नेमका उलटा आहे. दर आठवड्याला नवं नाटक, नवा लेखक, नवी पात्रं. कायम असायची ती फक्त वेळ आणि वरचं नाव. पुढच्या तासाभरात काय वाट्याला येणार, याचा पत्ता नसताना लाखो लोक टीव्हीसमोर बसायचे. ब्रिटिश टीव्हीनं जे जे निर्माण केलं, त्यात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

आयटीव्ही या वाहिनीवर १९५६ साली ‘आर्मचेअर थिएटर’ ही अशीच नाट्यमालिका सुरू झाली. दोन वर्षांनी तिची सूत्रं सिडनी न्यूमन या कॅनडाहून आलेल्या निर्मात्याकडे आली. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात घडणाऱ्या नाटकांचा त्याला कंटाळा होता. टीव्ही ज्यांच्या घरात आहे, त्या कामगारांची, कारकुनांची गोष्ट टीव्हीवर का नसावी, असा त्याचा साधा प्रश्न होता. हॅरॉल्ड पिंटरचं ‘अ नाइट आउट’ १९६० मध्ये याच मालिकेत झालं आणि लाखो घरांत पोहोचलं. सुरुवातीची नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची, म्हणजे चूक झाली तर ती साऱ्या देशासमोर. नोव्हेंबर १९५८ मध्ये ‘अंडरग्राउंड’ चालू असताना गॅरेथ जोन्स हा तरुण नट दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात कोसळला आणि गेला. बाकीच्यांनी त्याचे संवाद आपसांत वाटून घेत नाटक शेवटपर्यंत नेलं.

न्यूमन १९६३ साली बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख झाला. (‘डॉक्टर हू’च्या जन्मामागेही तोच.) पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘द वेन्सडे प्ले’ सुरू झालं. या मालिकेतल्या एकाच नाटकावर थांबायचं, तर ते १६ नोव्हेंबर १९६६चं ‘कॅथी कम होम’.

लेखक जेरेमी सँडफर्ड, निर्माता टोनी गार्नेट, दिग्दर्शक केन लोच. कॅथी आणि रेज हे तरुण जोडपं. लग्न होतं, मुलं होतात. रेजला कामावर अपघात होतो, पगार तुटतो आणि घर सुटतं. मग सासूकडची अडचण, भाड्याची खोली, कॅराव्हॅन, पडकं घर आणि अखेर बेघरांचं वसतिगृह. तिथला नियम असा की बायका-मुलं आत, नवरा बाहेर. शेवटी रेल्वे स्टेशनवर सरकारी माणसं कॅथीच्या हातातून मुलं ओढून नेतात. कॅथी झालेल्या कॅरोल व्हाइटचा तो आक्रोश पाहताना आजही अंगावर काटा येतो.

लोचनं स्टुडिओच्या भिंती सोडल्या. हलका १६ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन तो खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या वस्त्यांत गेला. प्रसंगांवरून बेघर माणसांचे आवाज आणि घरटंचाईचे आकडे ऐकू येत राहतात. त्यामुळे नाटक कुठे संपतं आणि वार्तापट कुठे सुरू होतो, ते कळत नाही. यावर टीकाही झाली : प्रेक्षकाची फसवणूक होते म्हणून. मला ती टीका पटत नाही. यात दाखवलेल्या गोष्टी देशात खरोखर घडत होत्या आणि अखेरच्या पाटीनं तसं स्पष्ट सांगितलंही होतं. फसवणूक झाली असेल, तर ती सारं काही ठीक आहे असं सांगणाऱ्यांनी केली होती.

सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी ते पाहिलं, म्हणजे देशातल्या दर चार-पाच माणसांमागे एकानं. पंधरवड्यात, १ डिसेंबरला, ‘शेल्टर’ ही बेघरांसाठीची संस्था सुरू झाली. तिची तयारी आधीपासून चालू होती, त्यामुळे ती नाटकातून जन्मली असं म्हणणं चूक. पण नाटकानं तिच्यासाठी लोकांची मनं उघडली, हे नक्की. पुढे काही ठिकाणी वसतिगृहांत नवऱ्यांनाही राहू देऊ लागले. घरांची टंचाई मात्र तशीच राहिली.

हे नाटक फिल्मवर होतं म्हणून टिकलं. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती. जुनं पुसून तिच्यावरच नवं चित्रित करायचे. त्यात कितीतरी नाटकं कायमची गेली, याची हळहळ वाटते.

‘द वेन्सडे प्ले’च्या प्रसारणाचा वार १९७० मध्ये बदलला आणि नाव झालं ‘प्ले फॉर टुडे’. ते १९८४ पर्यंत चाललं. माइक ली यांचं ‘ॲबिगेल्स पार्टी’ (१९७७) यातलंच. मात्र धाडसाची किंमतही मोजावी लागली. लेखक डेनिस पॉटरचं ‘ब्रिमस्टोन अँड ट्रीकल’ बीबीसीनं १९७६ मध्ये ऐनवेळी रोखलं. ते दिसलं १९८७ साली. बालगुन्हेगारांच्या बंदिगृहातली मारहाण दाखवणारं ‘स्कम’ही १९७७ मध्ये अडवलं गेलं. दिग्दर्शक ॲलन क्लार्क यांनी हार न मानता दोन वर्षांनी त्याच संहितेवर चित्रपट केला. मूळ नाटक बीबीसीनं दाखवलं १९९१ मध्ये, तेव्हा क्लार्क हयात नव्हते.

पुढच्या भागात डेनिस पॉटर.