नव्या वीज मीटरच्या लहरी : भय किती, खरे किती



ऊस नोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना अलीकडे आमच्यापुढे एक प्रश्न वारंवार येतो. प्रश्न उसाचा नाही, घरच्या नव्या वीज मीटरचा आहे. "ते मीटर म्हणे घरात लहरी सोडतंय. लहान लेकरांना बाधतंय म्हणत्यात. खरं का हो?" असे विचारणारे एक-दोन नव्हेत. काही वस्त्यांवर मीटर बसवायला आलेल्या माणसाला वाटेवरूनच परत लावले. एके ठिकाणी तर 'तू मीटर बसवून घेतलंस, त्याच्या लहरी आमच्या घरात येत्यात' एवढ्यावरून भावकीत अबोला झाला.

एका सभासदाच्या घरची हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगतो. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची खाट मधल्या खोलीत, भिंतीच्या पलीकडे मीटर. नवे मीटर बसून आठवडा झाला आणि न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की लेकीच्या हाताला झिणझिण्या येऊ लागल्या. घाबरून आईने तिला शेजारी चुलत्याच्या घरी निजायला पाठवले आणि गट ऑफिसला निरोप धाडला, "ते मीटर काढून न्या म्हणावं. लेकीला काय झालं तर कुणी निस्तरायचं?" त्या माउलीची काळजी खोटी नव्हती. झिणझिण्याही खोट्या नव्हत्या. मात्र त्या कशाच्या होत्या हे लेखाच्या अखेरीस सांगू. आधी मीटर समजून घेऊ.

मीटर करते तरी काय?

जुन्या मीटरात चकती फिरायची. नंतर लाल दिवा लुकलुकणारी मीटरे आली. दोन्हींचे आकडे बघायला माणूस दारात यावा लागे. नव्या मीटरात मोजणारा भाग आहेच, शिवाय आकडा आपोआप कळवणारे एक छोटे रेडिओयंत्र आहे. ते दोन तऱ्हांनी काम करते. एक तर मोबाईलसारखे सिमकार्ड घालून जवळच्या टॉवरमार्फत आकडा पाठवते, नाहीतर एका मीटरने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत निरोप गावातल्या एका पेटीपर्यंत पोचवते. या दुसऱ्या पद्धतीला आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा विनापरवाना पट्टा खुला आहे. त्या पट्ट्यातल्या यंत्राची ताकद जास्तीत जास्त १ वॅट असावी असा नियम आहे. ही मीटरे भारतीय मानक आय.एस. १६४४४ प्रमाणे बनवायची असतात.

ही मीटरे आली कुठून? केंद्र सरकारने १७ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचना काढून, शेतीचे ग्राहक वगळून बाकीच्यांना टप्प्याटप्प्याने आधी पैसे भरायची स्मार्ट मीटरे बसवायचे ठरवले. महाराष्ट्रात त्याला विरोध झाला. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर महावितरणने 'टीओडी' नावाने मीटरे बसवायला घेतली. त्यांचे बिल पूर्वीप्रमाणे महिन्यानंतरच येते. पण आकडा पाठवणारे रेडिओयंत्र त्यांतही आहे, म्हणून लहरींचा प्रश्न उरतोच.

लहरींची धग

लहरी म्हटले की एक्स-रे आणि अणुबाँब एकाच पोत्यात भरले जातात. ते बरोबर नाही. एक्स-रेच्या लहरी शरीरातल्या कणांची मोडतोड करू शकतात, म्हणून तिथे जपावेच लागते. रेडिओ, टी.व्ही., मोबाईल आणि हे मीटर यांच्या लहरी त्या जातीच्या नव्हेत. कणाकणाने पाहिले तर त्यांचा जोर साध्या उजेडापेक्षाही कितीतरी कमी असतो. त्यांची शरीराला बाधा होते हे पक्के सिद्ध झाले आहे ते एकाच मार्गाने, तापवण्याच्या. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापते ते यामुळेच. पण त्या भट्टीत आठशे-हजार वॅट एका बंद पेटीत कोंडलेले असतात.

म्हणून खरा सवाल 'लहरी आहेत का' हा नाही. किती, किती अंतरावर आणि किती वेळ, हे तीन सवाल विचारावेत.

अंतराचे गणित गुऱ्हाळावर बसलेल्याला चटकन कळेल. चुलवाणाच्या तोंडाशी उभे राहवत नाही, चार पावले मागे सरकले की धग सोसते आणि काहिलीच्या पलीकडे तर थंडीच्या दिवसांत बरेच वाटते. लहरींचेही असेच आहे. अंतर दुप्पट झाले की जोर निम्मा नव्हे, चौथाई होतो. तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो.

आता आकडे घालून पाहू. १ वॅटचे यंत्र चहूबाजूंना सारखे, क्षणभरही न थांबता चालू आहे असे धरू. १ मीटरवर त्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ०.०८ वॅट येतो. २ मीटरवर ०.०२ आणि ३ मीटरवर ०.००९. आपल्या देशात मोबाईल टॉवरसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून जी मर्यादा आहे ती या पट्ट्याला लावून पाहिली तर सुमारे ०.४३ वॅट येते. म्हणजे एक मीटरवर सतत उभे राहिले तरी मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच. अँटेना एका बाजूला दुप्पट जोर लावते असे धरले तरी आकडा ०.१६ च्या पुढे जात नाही. मध्ये भिंत असली तर आणखी कमी.

आणि मीटर सतत बोलत नाही. बसच्या हॉर्नसारखे क्षणभर वाजते आणि गप्प होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अशा मीटरांवरून मोठे वादळ उठले होते. तिथल्या वीज कंपनीला २०११ साली हिशेब द्यावा लागला. त्यात एका मीटरचे सगळे बोलणे दिवसाकाठी सरासरी ४५ सेकंदांच्या आसपास भरले. आपल्या मीटरांची बनावट वेगळी, म्हणून सेकंद कमीजास्त होतील. पण दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात, एवढे ध्यानात ठेवले की प्रमाण कळते.

उलट खिशातला मोबाईल पाहा. ४जी फोनची ताकद फार तर ०.२ वॅटच्या आसपास, म्हणजे कमीच. पण तो आपण कानाला चिकटवून अर्धा-अर्धा तास बोलतो. जी माणसे मीटरच्या भीतीने रात्री खाट हलवतात, तीच उशाखाली मोबाईल ठेवून झोपतात. यात कुणाला हिणवायचे नाही. अंतराचा हिशेब ध्यानात यावा, एवढ्यासाठी सांगितले.

शास्त्रज्ञ काय म्हणतात?

या बाबतीत 'सगळे खोटे' म्हणून हात झटकणे आम्हांला मान्य नाही. २०१० च्या डिसेंबरात आय.आय.टी. मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी टॉवरच्या लहरींबद्दल दूरसंचार खात्याला अहवाल देऊन धोक्याची घंटा वाजवली. मुंबईत त्यावरून बरीच चर्चा झाली. आपल्या सरकारने नेमलेल्या समितीनेही विचार केला आणि वर सांगितलेली मर्यादा जगात रूढ असलेल्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. लोकांनी प्रश्न विचारणे वाया जात नाही, हे यावरून दिसते.

मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातले. या एका शब्दावर पुष्कळ भीती उभी आहे. तो निर्णय मुख्यतः मोबाईल फार वापरणाऱ्यांच्या पाहणीवरून झाला होता आणि पुरावा मर्यादित आहे, असे संस्थेनेच म्हटले होते. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही पुढे त्याच गटात गेला. गटाचा अर्थ 'शंका पुरती फिटलेली नाही' एवढाच. २०१८ साली अमेरिकेत उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या. पण त्या उंदरांच्या सर्वांगावर रोज सुमारे ९ तास, दोन वर्षे जोरदार लहरी सोडल्या होत्या. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ पाहण्या तपासल्या गेल्या. मोबाईल वापराचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध त्यांतून दिसला नाही.

डोके दुखते, झोप लागत नाही, अंगाला मुंग्या येतात, अशी तक्रार करणारी माणसे जगभर आहेत. त्यांचा त्रास खरा असतो, असे आरोग्य संघटनेने २००५ मध्येच नमूद केले. मात्र लहरी चालू आहेत की बंद, हे न सांगता प्रयोग केले तेव्हा अशा माणसांना तो फरक ओळखता आला नाही. म्हणजे दुखणे आहे, कारण दुसरीकडे शोधायला हवे.

त्या घरी काय निघाले?

आता आपल्या लेकीची गोष्ट. गावातल्या जाणत्या वायरमनला घेऊन आम्ही त्या घरी गेलो. त्याने मीटरकडे नंतर पाहिले, आधी नळाला टेस्टर लावला. दिवा लागला! लहरींनी टेस्टर पेटत नाही. पाणी वर चढवणाऱ्या मोटारीची आतली गुंडाळी ओल धरून खराब झाली होती आणि तिचा करंट लोखंडी नळात उतरत होता. तो जमिनीत जावा म्हणून जी अर्थिंगची तार असते, ती परसातल्या खड्ड्याशी गंजून तुटलेली. खड्ड्यातले मीठ-कोळसा कित्येक उन्हाळ्यांत कोरडे ठणठणीत पडलेले, त्यात कुणी तांब्याभर पाणी ओतले नव्हते. मीटर बदलले त्याच सुमारास मोटार बिघडली एवढाच योगायोग. मीटर काढून नेले असते तर घर निर्धास्त झाले असते, आणि ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या त्या दोन जिवांचा धोका तसाच राहिला असता.

मोटार दुरुस्त झाली, अर्थिंग नवे केले, करंट गळताच वीज तोडणारे यंत्र बसवले. लेक परत आपल्या खाटेवर आली. त्या माउलीने शेवटी एकच वाक्य काढले, "आम्ही मीटरलाच धरून बसलो होतो की हो."

मग विचारायचे काय?

सभासद वजनकाट्याबाबत किती जागरूक असतात ते आम्ही जाणतो. काट्यावर शंका आली की आपण प्रमाणित वजने ठेवून तपासणी मागतो. 'काट्यातून लहरी येतात' असे म्हणत नाही. मीटरलाही तोच न्याय लावावा.

१) बिल अचानक फुगले तर लेखी तक्रार करा. २२ फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे, रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यावर वीज कंपनीने ५ दिवसांत पडताळणीसाठी दुसरे मीटर बसवायचे आणि किमान ३ महिने दोन्ही आकडे ताडून पाहायचे असतात. हा तुमचा हक्क आहे.

२) नव्या मीटरात जादा भार दिसला म्हणून मीटर बसण्याच्या आधीच्या काळाचा दंड लावता येत नाही. तसा नियम १४ जून २०२३ पासून आहे.

३) जुने मीटर काढताना त्यावरचा शेवटचा आकडा कागदावर लिहून घ्या, फोटो काढा. पुढचे निम्मे तंटे यानेच मिटतात.

४) तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवा आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत.

५) लहरींची धास्ती तरीही जात नसेल तर खाटेची उशी मीटरच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूला करा. एक-दोन मीटर अंतराने जोर कितीतरी उतरतो आणि याला पैसा लागत नाही. मोबाईल मात्र त्याहून आधी उशाखालून काढा.

६) वर्षातून एकदा, उन्हाळा लागण्यापूर्वी, घरचे अर्थिंग तपासून घ्या. नळाला, भिंतीला, पत्र्याला झिणझिण्या आल्या तर आधी मेन स्विच बंद करा आणि मगच वायरमनला बोलवा.

मीटर हवे की नको, वीजदर रास्त की अन्यायाचा, यावर सभासदांची मते वेगवेगळी असणार. ती ग्रामसभेत, तक्रारीत, निवेदनात जोरकसपणे मांडावीत. पण तिथे लहरींचा मुद्दा पुढे केला की साहेब लोक आपल्याला अडाणी ठरवून मोकळे होतात, आणि बिलाचा खरा प्रश्न फायलीत पडून राहतो. शिवाय परसातली तुटकी तार कुणाच्या नजरेत येत नाही. ज्यांच्या भावकीत या मीटरपायी अबोला आहे, त्यांनी हा लेख शेजारी बसून एकत्र वाचावा. अर्थिंगचे खड्डे दोन्ही घरांचे तपासायचेच आहेत, तेही एकाच दिवशी उरकून टाकावेत.