पैसे निघाले किती, पोचले किती?

२०२५ च्या जुलैतली गोष्ट. पावसाची झड लागली होती. माझी भाकरी तव्यावर होती, तेवढ्यात आमच्या बचत गटातल्या एक वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. छत्री मिटायचंही भान नव्हतं त्यांना.

"ताई, पोरीचं पैसं गेल्यात, पण कमी पोचल्यात म्हणं. आता ओ?"

त्यांची लेक कोल्हापुरात इंजिनिअर झाली आणि तिला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत प्रवेश मिळाला. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसल्यासारखीच. पण पोरगी तिथं उपाशी राहणार नाही याची खात्री त्यांना आधी लागते. त्यासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे एका बांधलेल्या खात्यात भरायचे. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. त्यातून महिन्याला ९९२ युरो मुलीच्या हातात पडतात.

वहिनींनी आणि दादांनी ऊसबिलातली शिल्लक, मोडलेली ठेव आणि दोन पाटल्या असं सगळं एकत्र करून बरोब्बर ११,९०४ युरो पाठवले. तिकडे पोचले ११,८७९. पंचवीस युरो कमी. पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुरा नाही. मुंबईची तारीख नऊ दिवसांवर आलेली.

बँकेत विचारलं तर साहेब म्हणाले, "आमच्याकडून बरोबर गेलेत." ते खोटं बोलत नव्हते. आपल्या बँकेतून निघालेले पैसे बऱ्याचदा थेट पोचत नाहीत. मधे एखाददुसरी परदेशी बँक असते. ती आपली हमाली त्या पैशातूनच कापून घेते. बँकेच्या फॉर्मवर एक बारीकसा रकाना असतो, मधला खर्च कोण सोसणार? पाठवणारा, घेणारा, की दोघं निम्मं? आमच्या दादांनी दाखवतील तिथं सही केली होती. रकाना कुणी वाचलाच नव्हता.

शेवटी आणखी थोडे युरो पाठवले. पंचवीस युरोच्या कमतरतेसाठी चार्जेसच हजाराच्या वर गेले. ते पैसे चौथ्या दिवशी पोचले आणि व्हिसाची तारीख साधली. पण त्या चार रात्री त्या घरात कुणाचा डोळा लागला नाही.

मैत्रिणींनो, त्या दिवसांत मला माझ्या आजीची मनिऑर्डर आठवत होती. आपल्याकडचे कितीतरी पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि फॉर्मच्या तळातल्या चिठ्ठीवरच्या दोन ओळी वाचून दाखवायचा. पोस्टाचं कमिशन वीस रुपयांना एक रुपया. तेव्हाच्या मानानं ते महागच, पण डोळ्यांसमोर होतं. आता पैसे गावाकडून परदेशी निघालेत आणि कमिशन दडून बसलंय.

ते कुठं दडतं? चलनाच्या दरात. समजा, बाजारात युरो शंभर रुपयांना आहे. एकजण सांगतो, "आमचा चार्ज शून्य", पण युरो लावतो १०२ रुपये ५० पैशांनी. दुसरा हजार रुपये चार्ज घेतो आणि युरो लावतो १०० रुपये ८० पैशांनी. वरवर पहिला स्वस्त वाटतो. आता हिशेब करा. ११,९०४ युरोंसाठी पहिल्याकडे लागतील १२ लाख २० हजार १६०. दुसऱ्याकडे चार्ज धरून १२ लाख ९२३. फरक एकोणीस हजारांचा! एक कप चहासुद्धा न पाजता "फुकट सेवा" म्हणणारा केवढ्याला पडला बघा. या दोन्हींवर जीएसटी लागतो, पण तो बारा लाखांना हजार-अकराशेच्या घरात. खरा खड्डा दरातच असतो.

मग पर्याय कोणते? पहिला, आपली नेहमीची बँक. ओळखीची माणसं असतात, कागद तेच भरून घेतात, पण दर बहुधा चढा असतो. गावातल्या पतसंस्थेतून हे काम होत नाही. परकीय चलनाचा परवाना असलेली बँकच लागते. दुसरा, बँकांच्याच ऑनलाइन सेवा. उदाहरणार्थ आयसीआयसीआयची मनी टू वर्ल्ड किंवा एचडीएफसीची रेमिट नाऊ. तिसरा, बुकमायफॉरेक्स किंवा थॉमस कुकसारख्या चलनाचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या. इथं दर आधी सांगतात, घासाघीसही करता येते. चौथा, वाइजसारखी सेवा. ती बाजारभाव दाखवते आणि आपला चार्ज वेगळा सांगते. भारतातून पैसे पाठवायची सोय तिनं २०२१ पासून दिली. विद्यापीठाची फी भरायची असेल, तर बऱ्याच ठिकाणी फ्लायवायरमार्फत रुपयांत भरता येते. सिंगापूरला मुलगा असेल, तर २०२३ च्या फेब्रुवारीपासून यूपीआय तिथल्या पेनाऊशी जोडलंय. घरखर्चाच्या लहान रकमा फोनवरून जातात.

ही नावं शिफारस म्हणून सांगत नाही. दर रोज हलतात. आज जो स्वस्त, तो उद्या असेलच असं नाही. आणि शहरात वेस्टर्न युनियनची पाटी दिसली म्हणून तिथं पैसे घेऊन जाऊ नका. तसल्या काउंटरवर परदेशातून आलेले पैसे मिळतात, इथून पाठवता येत नाहीत.

आता सरकारी बाजू. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. २००४ साली योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा पंचवीस हजार होती. पण यात टीसीएस नावाचा आगाऊ आयकर कापतात. २०२५ च्या एप्रिलपासून एका पॅनवर वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागत नाही. त्याच्या वरच्या रकमेवर किती लागणार, हे तुम्ही कारण काय लिहिता त्यावर ठरतं. शिक्षण लिहिलं आणि प्रवेशाचं पत्र जोडलं तर दर कमी. पैसे बँकेच्या शिक्षणकर्जातले असतील तर काहीच नाही. आणि घाईत "भेट" किंवा "नातेवाइकाचा घरखर्च" लिहिलं, तर वीस टक्के! बारा लाख पाठवले तर वरच्या दोन लाखांवर चाळीस हजार अडकले.

अडकले म्हणजे बुडाले नव्हेत. आयकराचं रिटर्न भरलं की ते करात वळते होतात किंवा परत मिळतात. पण शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून आपल्या घरात रिटर्न भरतो कोण? कापलेले पैसे मग तसेच राहतात. ही मर्यादा माणशी असते, हेही लक्षात ठेवा. ज्या बाईच्या नावावर शेत आहे, जिच्या खात्यात ऊसबिल जमा होतं, जिचं पॅन कार्ड आहे, ती स्वतःच्या नावानं पाठवू शकते. पॅन कार्ड कशाला पाहिजे, असं आपण किती वेळा म्हणतो? हे त्याचं एक उत्तर.

त्या धावपळीत गावातल्या एका हितचिंतकानं तोडगा सुचवला होता. "माझा पाव्हणा तिकडंच हाय. तुमी हितं मला रुपय द्या, त्यो तिथं युरो दील. दर बी चांगला." ऐकायला सोपं आहे. पण याचंच नाव हवाला. तो कायद्यानं गुन्हा आहे. पावती नाही, दाखला नाही, पैसे बुडाले तर तक्रार कुठं करणार? दादा जवळजवळ तयार झाले होते. वहिनीच आडव्या आल्या. "पोरीच्या कागदावर डाग नगो," एवढंच म्हणाल्या.

परदेशी शिकणाऱ्या लेकरामागं पैशाचं बळ उभं करणं आपल्या कोल्हापूरला नवं नाही. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना मदत केली होती. त्याच सुमारास पौंडाच्या मानानं रुपया धाडकन घसरला. त्याच रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला. तो १९२३ साली पुस्तकरूपानं आला. दराच्या या खेळाची झळ शंभर वर्षांपूर्वीही लागत होती, हे विसरू नये.

मग करायचं काय? एकाच दिवशी, एकाच तासात तीन ठिकाणी विचारायचं. दर किती आणि चार्ज किती, असं तुकड्यातुकड्यानं नव्हे. प्रश्न एकच: "सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील, आणि तिकडं नक्की किती युरो पडतील?" मधल्या बँका कापणार का, किती दिवस लागणार, हेही विचारून घ्यायचं. उत्तर लेखी किंवा मेसेजवर मागायचं. शेवटच्या तारखेच्या आधी निदान पंधरा दिवस पाठवायचं. पावती जपून ठेवायची. आणि कुणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यायचा.

परवा त्या वहिनी बँकेत भेटल्या. लेकीनं नवी खोली घेतली, तिची अनामत म्हणून हजार युरो पाठवायचे होते. या वेळी दादा बाहेर बाकावर बसले होते आणि वहिनी काउंटरवर उभ्या होत्या. हातात वहीचं पान, त्यावर तीन आकडे लिहिलेले. महागड्यात आणि स्वस्तात सतराशे रुपयांचा फरक निघाला होता.

मला बघून हसल्या. म्हणाल्या, "ताई, बाजारात मेथीची जुडी घेताना चार दुकानं फिरतोय आपण. मग हितंच का लाजायचं?"