अंबरनाथचे शिवालय : वास्तुरचना आणि शिल्पालंकरण

प्रस्तावना :
ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. स्थानिक लोक व अनेक मार्गदर्शक पुस्तिका त्यास ‘हेमाडपंती’ म्हणतात. प्रस्तुत लेखात मंदिराच्या रचनेचा व अलंकरणाचा परस्परसंबंध स्पष्ट करून हे नाव कितपत योग्य आहे, याचा विचार केला आहे.

काळ :
मंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा असून त्यात उत्तर कोकणचा शिलाहार राजा मम्वाणी याचा उल्लेख येतो. डॉ. भाऊ दाजी यांनी हा शक प्रथम ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या वाचनाने ९८२ हा आकडा मान्य झाला. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले, ही बाब अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वास्तुरचना :
मंदिर पश्चिमाभिमुख असून काळ्या बेसाल्ट दगडात बांधलेले आहे. गर्भगृह व मंडप ही त्याची दोन मुख्य अंगे होत. मंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण दिशांना मुखमंडप आहेत. मंडपाच्या मध्यभागी चार कोरीव स्तंभ असून त्यांवर घुमटाकार छत पेललेले आहे. गर्भगृह मंडपापेक्षा बरेच खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. शिखर भूमिज पद्धतीचे होते. या पद्धतीत चार बाजूंना उभ्या लता असतात व त्यांच्यामधील भागात लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. आज शिखराचा वरचा भाग शिल्लक नसला, तरी उरलेल्या भागावरून ही रचना ओळखता येते.

अलंकरण :
बाह्यभिंत सलग सरळ नसून ठरावीक अंतराने पुढे-मागे होत जाते. त्यामुळे अनेक उभे कोन निर्माण होतात व दिवसभर छायाप्रकाश बदलत राहतो. या कोनांवरच देवता व सुरसुंदरी यांची शिल्पे योजलेली आहेत. तळाशी आडवे थर, मध्ये मूर्ती आणि वर लहान शिखरे असा हा क्रम आहे. अर्थात येथील शिल्प भिंतीवर नंतर चढविलेला दागिना नव्हे. ते मूळ आराखड्यातूनच उगवले आहे.

नामाचा प्रश्न :
हेमाद्री अथवा हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. अंबरनाथचे मंदिर त्याच्या सुमारे दोन शतके आधीचे आहे. चुन्याशिवाय केलेल्या दगडी बांधकामास सरसकट ‘हेमाडपंती’ म्हटल्याने शिलाहारांचे कर्तृत्व झाकले जाते. भूमिज शैलीमुळे माळव्याच्या परमार वास्तुपरंपरेशी जुळणारा या मंदिराचा धागाही त्यामुळे दृष्टीआड होतो.

निष्कर्ष :
हे स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तथापि संरक्षण केवळ दगडापुरते मर्यादित राहून चालणार नाही. ज्या नदीच्या काठासाठी ही जागा निवडली गेली असावी, ती वालधुनी औद्योगिक व नागरी सांडपाण्याने दूषित झाली आहे. नदी आणि मंदिर ही एकच वास्तू मानून जतनाचा विचार व्हावा. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून शिल्पपटांच्या सद्यःस्थितीची छायाचित्रांसह नोंद करून घेतल्यास त्या कार्यास निश्चित आधार मिळेल.