तळ्याकाठची सोडत

लक्ष्मी टेकडीवरून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडे वळणाऱ्या रस्त्यावर पाळी सुटताना दुचाक्यांची रांग लागते. त्यातल्या एखाद्या गाडीला कडेनं गळाची काठी बांधलेली असते. डिकीत तंगुसाचं रीळ, कणकेचा डबा आणि शिशाच्या गोळ्यांची पुडी. फौंड्रीत, मशीनशॉपमध्ये नाहीतर सूतगिरणीत आठवडाभर राबणारा हा गडी सुट्टीला दूधगंगेच्या काठी किंवा एखाद्या गावतळ्यावर सापडतो. घरचे त्याला नाद म्हणतात. या नादाला कोल्हापुरी माणसाच्या आवडीची एकच गोष्ट अजून हवी आहे, ती म्हणजे चुरस. साचलेल्या पाण्यावर, सोडतीनं मिळालेल्या जागेवर बसून, ठरलेल्या वेळात कार्प कुळातले मासे धरायचे, जोखायचे आणि जिवंत पाण्यात सोडायचे, अशी क्लबची स्पर्धा. इथल्या तळ्यांवर ती सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून ती कशी चालते ते नीट सांगतो.

हा खेळ मुळात कारखान्यातल्या माणसांनीच वाढवला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात जमीनदार मंडळी ट्राउट आणि सॅमनच्या मागे असत. त्यांच्या नद्यांवर कामगाराला पाऊल ठेवता येत नसे. शेफील्डचे पोलादकामगार आणि बर्मिंगहॅमचे कारागीर मग सुट्टीच्या दिवशी रेल्वेनं कालव्यांवर आणि संथ नद्यांवर जात आणि कार्पच्या नात्यातले साधे मासे धरत. त्यांचे क्लब बनले, क्लबांच्या संघटना झाल्या. 1903 साली तिथं राष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि 1906 पासून राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागली. साहेबी छंद अशी याची ओळख करून देणाऱ्यांना हा इतिहास सांगितला पाहिजे.

आणि आपल्याकडचा त्याहून जुना. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात, 1130 च्या आसपास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे. माशांच्या जाती, कोणाला काय चारायचं, दोर कसा वळायचा, गळ कसा टाकायचा, हे सगळं तिथं आलं आहे. मासे आधी एका जागी चारून माणसाळवायचे आणि मग गळ टाकायचा, हे आजच्या स्पर्धेचं मर्म त्या राजाला पुरतं ठाऊक होतं. विख्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक, हेही जाता जाता.

महाराष्ट्रात साचलेल्या पाण्यावरच्या क्लबचं ठळक उदाहरण पवईचं. 1891 च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेला तो तलाव पिण्याच्या कामी फार दिवस आला नाही. 1936 पासून तिथं गळकऱ्यांची संघटना काम करू लागली आणि 1955 साली आजची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन स्थापन झाली. मत्स्यबीज सोडायचं, जलपर्णी आणि सांडपाण्यासाठी दारोदार फिरायचं, मगरींच्या शेजारी बसून गळ टाकायचा, हे सगळं ही मंडळी करत आली. शहरानं तलावाला चारी बाजूंनी वेढलं तरी त्याच्याकडे रोज बघणारे डोळे शिल्लक राहिले.

आता स्पर्धा. सकाळी काठावर ठरावीक अंतरानं खुंट्या मारलेल्या असतात, प्रत्येकीवर आकडा. पिशवीत हात घालून चिठ्ठी काढायची आणि निघेल त्या आकड्यावर दिवसभर बसायचं. कुणाला झाडाच्या सावलीतला खोल कोपरा मिळतो, कुणाला उघडा उथळ काठ. पहिली शिट्टी तयारीची, दुसरी गळ पाण्यात टाकायची, शेवटची काठ्या उचलायची. मध्ये साधारण पाच तास. एकूण वजन ज्याचं जास्त तो जिंकला. तळं मोठं असेल तर काठाचे विभाग पाडतात आणि विभागातल्या क्रमांकावर गुण देतात, म्हणजे वाईट कोपऱ्यात बसलेल्यालाही शेजाऱ्यांशी बरोबरीनं लढता येतं. माझ्या मते ही विभागांची पद्धत लहान स्पर्धेतही ठेवावी, नाहीतर निम्मी स्पर्धा चिठ्ठीच जिंकते.

आपल्याकडे कटल्यासाठी पेंडीच्या गोळ्याभोवती पाच-सहा गळ लोंबते सोडायची रीत आहे. स्पर्धेत ती चालत नाही. एक काठी, एक गळ, आणि गळालाही उलटा काटा नसलेला बरा. असा गळ ओठातून हलक्या हातानं सुटतो, जबडा फाटत नाही. दोर मात्र सारखा ताणलेला ठेवावा लागतो, ढिला पडला की मासा गेला.

खरी परीक्षा चाऱ्याची. कार्प कुळातल्या माशाला जठरच नसतं. घशातल्या दातांनी अन्न भरडायचं की ते थेट आतड्यात. त्यामुळे तो एकदम पोटभर जेवून बसत नाही, दिवसभर थोडं थोडं टिपत राहतो. नवखा स्पर्धक सुरुवातीलाच शेंगदाण्याची पेंड, मक्याचा भरडा आणि तांदळाचा कोंडा मुठीमुठीनं फेकतो. मासे येतात, पण तळावर पसरलेल्या ढिगातून त्याच्या गळाचा दाणा त्यांना सापडेलच असं नाही. कसलेला माणूस सुपारीएवढा गोळा टाकतो, काही मिनिटं थांबतो, पुन्हा त्याच ठिकाणी एक टाकतो. गोळा किती ओला, यावरही खेळ ठरतो. कोरडा भुसभुशीत गोळा वरच्या पाण्यातच फुटून ढग करतो, घट्ट मळलेला तळाशी जाऊन मग उलगडतो.

हे का महत्त्वाचं, ते माशाच्या तोंडावरून कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, खालचा जबडा पुढे आलेला. तो वरच्या थरातलं सूक्ष्म जीवांचं अन्न गाळून खातो, त्याला ढग हवा. रोहू मधल्या पाण्यात हिंडतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. सायप्रिनस, म्हणजे 1939 साली निलगिरीत पहिल्यांदा आणलेला परदेशी कार्प, तळाशी नळीसारखं तोंड पुढे काढून घास ओढतो आणि नको ते थुंकून टाकतो. ओठाजवळच्या मिशांच्या दोन जोड्यांनी त्याला चव आधीच कळते. त्याच्यासाठी मोरपिसाच्या देठाची तरंगी लावून शेवटचं बारीक शिसं तळाला टेकवावं. घास घेताना तो शिसं उचलतो, आणि बुडण्याऐवजी तरंगी हळूच वर येते, मग आडवी पडते. तरंगी खाली ओढली जाण्याची वाट बघत बसणाऱ्याच्या हातून हे क्षण एकामागून एक निसटतात.

काठावरची शांतताही फुकाची नाही. या कुळातल्या माशांचा वाताशय बारीक हाडांच्या साखळीनं कानाशी जोडलेला असतो. त्यामुळे त्यांना आवाज फार चांगला ऐकू येतो. डबा आपटला, टाच जोरात रोवली, की जमलेला थवा पांगतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तळ्यात सहसा वीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून मत्स्यजिरे मागणीप्रमाणे तयार होऊ लागलं. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. म्हणजे गावतळ्यातला जवळजवळ प्रत्येक रोहू कुणीतरी पैसे मोजून बोटुकली असताना सोडलेला आहे. बहुतेक वेळा तो ठेका घेतलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेचा असतो. परवानगी न घेता गळ टाकणं म्हणजे त्यांच्या उभ्या पिकात शिरणं. कागलात कुणी क्लब काढला तर पहिली बैठक संस्थेच्या सभासदांबरोबर व्हावी. प्रवेश शुल्कातला ठरलेला वाटा त्यांचा, किंवा दरवर्षी क्लबनं बोटुकली सोडायची. पश्चिम बंगालमध्ये तळ्यांवर तिकीट काढून गळ टाकायची पद्धत रुळलेली आहे. मालकालाही उत्पन्न, छंद असणाऱ्यालाही जागा.

आपल्या हवेत एक धोका मोठा. धरलेले मासे वजनापर्यंत लांब, मऊ जाळीच्या पिशवीत पाण्यातच ठेवतात. 20 अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. त्यात मासा दमलेला, पिशवीत दाटी. म्हणून वैशाखात स्पर्धा घेऊच नये. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने उत्तम. गारठ्यात मासा जरा सुस्त असतो, तरंगीचे इशारे बारीक होतात, पण जोखून सोडलेला मासा जगतो. बक्षिसापेक्षा ते मोठं. पिशवीत किती किलोपर्यंत मासे ठेवायचे याला मर्यादा घालावी, ती भरली की पंचाला बोलवून मध्येच वजन करून घ्यावं.

वजनाची वेळ बघण्यासारखी असते. पंच काटा घेऊन एकेका खुंटीपाशी येतो, मागे स्पर्धक आणि गावची पोरं. ओली झोळी आधी रिकामी जोखतात आणि काटा शून्यावर आणतात. जमिनीवर ओलं गोणपाट. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही, कारण कोरड्या तळव्याला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर लागून येतो आणि त्या जागी बुरशी धरते. आकडा मोठ्यानं वाचला जातो, स्पर्धक सही करतो. मग मासा पाण्यात सरळ धरायचा, कल्ले चालू होईपर्यंत. तो स्वतः शेपटी मारून हातातून निघाला पाहिजे, फेकायचा नाही.

ते वहीत लिहिलेले आकडे मला या सगळ्या प्रकारातले सर्वांत मोलाचे वाटतात. कोणत्या जागेवर कोणती जात, किती वजन, पाणी किती गढूळ, तापमान किती. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच येतो तेव्हा बातमी होते, पण आधीच्या वर्षी तिथं काय होतं ते सांगणारी नोंद सामान्य माणसाकडे नसते. उद्योगांच्या शेजारी असलेल्या तळ्यावर दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खुंट्यांवर स्पर्धा झाली आणि रोहू कमी होऊन चिलापीच वाढत गेली, तर ते वहीत दिसेल, आणि वही घेऊन ग्रामपंचायतीत, प्रदूषण नियंत्रण मंडळात जाता येईल.

कोल्हापुरात तालमींनी फुटबॉल पेठापेठांत रुजवला आणि आजही तो तालमींच्याच नावानं खेळला जातो. गळाच्या स्पर्धेलाही असंच घर मिळू शकतं, फक्त पेठेच्या जागी कारखाना. या कंपनीचा संघ, त्या कंपनीचा संघ, सहा-सहा माणसं, प्रत्येक विभागात एकेक. पहिल्या वर्षी चार संघ आणि चोवीस खुंट्या पुरेत. एक चांगला काटा, चार झोळ्या, दोन पंच, संस्थेची लेखी परवानगी आणि तळ्याच्या काठावर चहाची किटली. पाळ्यांचं वेळापत्रक जुळवून सगळ्यांना एकच सकाळ मोकळी करून देणं हे यातलं सर्वांत अवघड काम, आणि ते कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागानं उचलावं.