‘रिझर्व्ह’ : एक शब्द, अनेक अर्थ

गेल्या वर्षी आमची मुलगी कॉलेजातून आली ती गप्पगप्पच. खोदून विचारल्यावर म्हणाली, “पप्पा, वर्गातल्या एकीनं विचारलं, तू रिझर्व्हमधली काय गं? आणि सगळ्या हसल्या.” जो शब्द आम्ही बँकेत दिवसातून दहा वेळा लिहितो, त्याच शब्दाने आमच्या लेकीने मान खाली घालावी, हे मनाला लागले. रात्री शब्दकोश उघडून बसलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा शब्द मूळ लॅटिन. ‘रे’ म्हणजे मागे व ‘सर्वारे’ म्हणजे राखणे. थोडक्यात, पुढच्यासाठी राखून ठेवणे. याची सख्खी भावंडे पुष्कळ आहेत. प्रिझर्व्ह म्हणजे टिकवणे, कॉन्झर्व्ह म्हणजे जतन करणे. ऑब्झर्व्ह म्हणजे लक्षपूर्वक पाहणे आणि नियम पाळणेही. पंचशील पाळणे याला इंग्रजीत हेच क्रियापद लावतात. रिझर्व्हायर म्हणजे जलाशय. राजर्षी शाहू छत्रपतींनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले, ते पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी राखण्याकरिताच. आपला ‘राखीव’ शब्द ‘राखणे’पासून झाला. ‘राखणे’ आणि ‘आरक्षण’ दोन्हींच्या मुळाशी संस्कृत ‘रक्ष्’ हा एकच धातू आहे.

व्यवहारात तर हा शब्द पावलोपावली भेटतो. जुनी स्कूटर रिझर्व्हला लागली की आपण पेट्रोल पंप शोधतो. मोजके बोलणाऱ्या माणसाला रिझर्व्ह म्हणतात. क्रिकेट संघात राखीव खेळाडू असतो, दाजीपूरकडे राखीव जंगल असते. महालक्ष्मी एक्स्प्रेसचे रिझर्व्हेशन करून मुंबईला जाणाऱ्यास कोणी हसत नाही.

आमच्या धंद्यात तर हा शब्द मानाचा. सहकारी संस्थेला नफ्यातील किमान पाव हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. त्याला कोणी भीक म्हणत नाही, संस्थेचे बळ म्हणतात. देशाच्या मध्यवर्ती बँकेचे नावच रिझर्व्ह बँक. रुपयाच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला व १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

आता नोकरी-शिक्षणातील अर्थ. त्याची सुरुवात आपल्या करवीरातच झाली. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी जाहीरनामा काढून संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांतून भरण्याचा हुकूम केला. १९३२ च्या पुणे करारात प्रांतिक कायदेमंडळांत दलितांसाठी १४८ जागा राखल्या गेल्या. पुढे संविधानाने ही तरतूद देशभर नेली. १९९० साली केंद्राने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा हिस्सा दुसऱ्यांनीच नेला, त्यांचा हिस्सा राखून ठेवणे एवढाच याचा अर्थ. राखीव जागेलाही अर्ज, परीक्षा आणि अभ्यास चुकत नाही.

काहीजण टोमणा मारतात, “रिझर्व्ह नको, डिझर्व्ह पाहिजे.” यमक छान जुळते, पण शब्दकोश वेगळेच सांगतो. ‘डिझर्व्ह’ हा ‘सर्व्हिरे’, म्हणजे सेवा करणे, या शब्दापासून आला. मनापासून सेवा करून जो पात्र ठरला, तो डिझर्व्हिंग. मग ज्यांच्या वाडवडिलांनी गावाची सारी कष्टाची कामे केली, त्यांच्याइतकी सेवा आणखी कोणाची?

हे सारे आम्ही मुलीला समजावून सांगितले. ती म्हणाली, “पप्पा, एका कागदावर लिहून द्या की.” आम्ही म्हणालो, “बाळ, शब्दकोश तुझ्यापुढेच आहे. तूच लिही.” तिने वही काढली आणि पहिल्या ओळीत तारीख घातली : २६ जुलै १९०२.